स्पॅनिशमध्ये 'दयाळू' आणि 'दानशूर' म्हणताना

प्रश्न असा आहे. मुळशी तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचं काम पुण्यातून पाहणाऱ्या ताईंना स्पेनमधल्या एका जोडप्याला आभाराचं पत्र लिहायचं आहे. हे दोघं मागच्या हिवाळ्यात आठवडाभर येऊन राहून गेले. मुलींच्या पंगतीत जमिनीवर बसून जेवले, स्वयंपाकाच्या मावशींना भाजी निवडू लागले. परत गेल्यावर त्यांनी पाण्याच्या टाकीचा सगळा खर्च पाठवला, टाकीवर आमचं नाव घालू नका असं बजावलं, आणि अजूनही मुलींच्या वाढदिवसाला आठवणीनं कार्डं धाडतात. ताईंनी पत्रासाठी 'आपण अत्यंत दयाळू आणि दानशूर आहात' असं वाक्य योजलं आहे. शब्दकोश उघडला तर आमाब्ले, बोंदादोसो, हेनेरोसो, कारितातिवो, बेनेवोलो अशी रांगच समोर आली. यातला बरोबर शब्द कोणता, असं त्या विचारतात.

थेट उत्तर आधी देते. 'हेनेरोसो', म्हणजे उदार, हा शब्द त्यांच्या मदतीला लावा. 'कारिन्योसो' (मायाळू) आणि 'देतायिस्ता' (आठवणीनं छोट्या गोष्टी करणारा) त्या दोघांच्या वागण्याला लावा. नाव न घालण्याच्या आग्रहासाठी 'देसिंतेरेसादो' (निरपेक्ष) ठेवा. 'कारितातिवो' (दानधर्म करणारा) मात्र या पत्रात नकोच. आता यामागची कारणं सांगते, कारण शब्द नुसते उचलून नेले तर पुढच्या पत्राला पुन्हा अडायला होईल.

मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवते आणि अनुवादही करते. आपल्याकडची एक अडचण मला सतत दिसते. शिकणाऱ्यांच्या हातात पुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली असतात, त्यामुळे मनातला मराठी शब्द आधी इंग्रजीत जातो, तिथे त्याचा 'काइंड' होतो आणि मग तो स्पॅनिशकडे निघतो. या वळशात बराच अर्थ सांडतो. ताईंचंच वाक्य बघा. मराठीत आपण ज्यांच्यासोबत जेवलो-खाल्लो अशा माणसाला 'तुम्ही दयाळू आहात' असं तोंडावर कधी म्हणतो का? दयाळू परमेश्वर असतो, फार तर राजा असतो. ओळखीच्या माणसाला आपण म्हणतो, 'तुमचं मन मोठं आहे', 'किती केलंत आमच्यासाठी', 'किती माया लावलीत पोरींना'. म्हणजे 'दयाळू' हा शब्द इथे मराठीतून आलेलाच नाही, इंग्रजीच्या सवयीतून आला आहे. उलट मराठीतले खरे शब्द घेतले, म्हणजे प्रेमळ, मायाळू, कनवाळू, सज्जन, अगत्यशील, दिलदार, सढळ हाताचा, निरपेक्ष, तर त्यातल्या बहुतेकांना स्पॅनिशमध्ये स्वतंत्र जोडीदार सापडतो. त्या भाषेनंही या छटा वेगळ्याच ठेवल्या आहेत. तेव्हा इंग्रजीला मध्ये न घेता मराठीतून सरळ जा.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द 'आमाब्ले'. तो 'आमार', म्हणजे प्रेम करणे, या क्रियापदाच्या घराण्यातला आहे आणि मुळात त्याचा अर्थ 'प्रेम करण्याजोगा' असा होता. आज मात्र तो वागण्या-बोलण्यापुरता उरला आहे. लक्ष्मी रोडवर तुमच्यापुढे न कंटाळता साड्यांचा ढीग उलगडणारा दुकानदार आमाब्ले, पत्ता विचारल्यावर चार पावलं सोबत येणारा अनोळखी माणूस आमाब्ले. नुसतं 'मुय आमाब्ले' म्हटलं तरी 'आभारी आहे' असा अर्थ होतो. कुणी दार धरून ठेवलं की एवढंच पुरतं. विनंती करतानाही तो येतो: 'सेरिया उस्तेद तान आमाब्ले दे एस्पेरार उन मोमेंतो?', म्हणजे 'कृपया क्षणभर थांबाल का?' शब्द चांगलाच आहे, पण ज्यांनी टाकी बांधून दिली त्यांना फक्त आमाब्ले म्हणणं म्हणजे त्यांना दार धरणाऱ्याच्या ओळीत बसवणं. पत्रात तो आला तर इतर शब्दांच्या सोबतीनं यावा, एकटा नको.

'सिंपातिको' आणि 'एदुकादो' हे दोन शब्द इथेच बाजूला काढून ठेवा. इंग्रजी 'सिंपथी'च्या ओळखीनं पहिल्याचा अर्थ सहानुभूती दाखवणारा असा लावला जातो, पण सिंपातिको म्हणजे ज्याच्यासोबत बसावंसं वाटतं असा मनमिळाऊ माणूस. 'एदुकादो' म्हणजे बोलण्या-चालण्याची रीत असलेला, सभ्य. शाळा-कॉलेजशी त्याचा थेट संबंध नाही.

'बोंदादोसो' ही मनाची गोष्ट आहे. 'बोंदाद' म्हणजे चांगुलपणा, आणि तो ज्याच्यात भरलेला आहे तो बोंदादोसो. हा शब्द एका प्रसंगावरून लावत नाहीत. कुणाच्या आजीबद्दल, गावातल्या जुन्या डॉक्टरांबद्दल, गेलेल्या माणसाच्या आठवणीत तो शोभतो, कारण त्यामागे त्या माणसाचं सगळं आयुष्य पाहिल्याची खात्री असते. मराठीत 'सज्जन' किंवा 'देवमाणूस' म्हणताना आपण जे म्हणतो ते हे. आठवडाभराच्या ओळखीवर तो थोडा जड जातो. ताईंनी दहा वर्षांनी त्या दोघांबद्दल तिसऱ्या कुणाला लिहिलं तर तिथे बोंदादोसो अगदी चपखल बसेल. बोलण्यात मात्र लोक इतकं जड बोलत नाहीत, ते सरळ 'एस मुय बुएना पेर्सोना' म्हणतात, फार भला माणूस आहे. आणखी जवळीक हवी असेल तर 'एस मास बुएनो के एल पान', पावापेक्षाही चांगला. स्पेनमध्ये पाव हे रोजचं अन्न आहे, म्हणून तो चांगुलपणाचं माप झाला.

'बुएनो' हा शब्द दिसतो साधा, पण सगळ्यात जास्त घोळ तोच घालतो. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत: 'सेर' स्वभावासाठी, 'एस्तार' स्थितीसाठी. 'एस बुएनो' म्हणजे तो चांगला माणूस आहे. 'ला सोपा एस्ता बुएना' म्हणजे सूप चविष्ट झालंय. पण 'एस्ता बुएनो' किंवा 'एस्ता बुएना' हे माणसाबद्दल म्हटलं तर तो त्याच्या शरीराबद्दलचा शेरा होतो, आणि तो सभ्य नसतो. देणगीदाराच्या पत्रात ही चूक गेली तर हसून सोडण्यासारखी राहत नाही. इतर विशेषणांतही हा फरक बोलतो. 'एरेस मुय आमाब्ले' ही स्तुती आहे. 'ओय एस्तास मुय आमाब्ले' म्हणजे 'आज फारच गोड बोलतोयस, काय काम काढलंयस?' म्हणून पत्रात डोळे मिटून 'सेर'ची रूपं वापरा.

मायेसाठी 'कारिन्योसो'. त्यात मिठी आहे, डोक्यावरून फिरणारा हात आहे, लाडाची हाक आहे. मुलींसोबत जमिनीवर बसून जेवणाऱ्या माणसांना हाच शब्द हवा. दुःख पाहून ज्याचं मन हलतं, म्हणजे आपला कनवाळू, तो 'कोंपासिवो'. पण यात समोरचा दुःखात आहे हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून मुलींच्या संदर्भात मी तो टाळेन. वसतिगृहातल्या मुलींना कीव घेणारे पाहुणे नको होते, आणि हे दोघं तसे वागलेही नाहीत. 'मिसेरिकोर्दियोसो' देवासाठी ठेवा, आपल्या 'दयाघना'सारखा. 'पियादोसो' या शब्दात दया आणि भक्ती दोन्ही येतात, आणि त्यातून एक सुरेख शब्दप्रयोग तयार झाला आहे: 'मेंतिरा पियादोसा', म्हणजे समोरच्याचं मन दुखवू नये म्हणून सांगितलेलं खोटं.

आता देण्याकडे वळू. इथला मुख्य शब्द 'हेनेरोसो'. तो लॅटिनमधल्या कुळवाचक शब्दावरून आला आहे आणि जुन्या काळी त्याचा अर्थ 'उच्च कुळातला' असा होता; कुलीन माणसानं हात आखडता घेऊ नये या अपेक्षेतून तो उदारपणाकडे सरकला. कुळाचा तो अर्थ वाइनच्या नावात अजून शिल्लक आहे: शेरीसारख्या तीव्र वाइनला स्पेनमध्ये 'विनो हेनेरोसो' म्हणतात. आजच्या वापरात हेनेरोसो पैशापुरता नाही. वेळ देणारा, दुसऱ्याचं काम मोकळ्या मनानं वाखाणणारा, शिष्यांना हातचं राखून न ठेवता शिकवणारा, हे सगळे हेनेरोसो. वस्तूलाही तो लागतो: 'उना प्रोपिना हेनेरोसा' म्हणजे भरघोस टिप, आणि पाककृतीत 'उन चोर्रो हेनेरोसो दे आसेइते' म्हणजे सढळ हातानं तेलाची धार. कुणाशी उदार हे सांगताना पुढे 'कोन' येतो: 'हेनेरोसो कोन लास निन्यास'. कारिन्योसो, आमाब्ले आणि पुढे येणारा सोलिदारियो या सगळ्यांनाही हाच 'कोन' चालतो, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

विशेषण नामाच्या आधी की नंतर, हे इथेच सांगते. 'उना पेर्सोना हेनेरोसा' म्हणताना आपण माहिती देतो, इतरांपेक्षा ती वेगळी आहे असं दाखवतो. 'सु हेनेरोसा आयुदा', 'आपली उदार मदत', यात मदत उदार आहे हे दोघांनाही ठाऊक आहे आणि आपण ते आदरानं उच्चारतो. आभारपत्रात ही दुसरी रचना शोभते.

हेनेरोसोच्या आसपास बरीच मंडळी आहेत. 'देस्प्रेंदिदो' म्हणजे सुटा झालेला, वस्तूंचा मोह न धरणारा. अंगातला स्वेटर काढून देणारा माणूस देस्प्रेंदिदो. 'एस्प्लेंदिदो' म्हणजे दिलदार, हॉटेलात सगळ्या टेबलाचं बिल स्वतः देणारा. त्यात थोडा थाट असतो. हात आणखी सैल सुटला की 'मानिरोतो', शब्दशः 'मोडक्या हाताचा', आपला उधळ्या. 'दादिवोसो' शब्दकोशात देखणा दिसतो, पण तो पुस्तकी आहे, शिवाय त्याच्या मुळाशी असलेला 'दादिवा' म्हणजे भेट हा शब्द स्पेनच्या फौजदारी कायद्यात लाचेच्या कलमांत येतो. 'दादिवास केब्रांतान पेन्यास', भेटवस्तूंनी खडकही फुटतात, ही म्हणही त्याच सावलीतली. देणगीदाराला हा शब्द मी कधीच लावणार नाही.

टाकीवर नाव नको म्हणणाऱ्यांसाठी 'देसिंतेरेसादो'. इथे इंग्रजी पुन्हा दगा देतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं की रस नसलेला, उदासीन. स्पॅनिशमध्ये 'आयुदा देसिंतेरेसादा' म्हणजे ज्यात स्वतःचा काही हेतू नाही अशी मदत, आपली 'निरपेक्ष मदत'. 'आल्त्रुइस्ता' त्याच्या जवळचा, पण त्याला थोडा औपचारिक वास आहे. स्पेनमध्ये रक्तदानाबद्दल बोलताना ते ऐच्छिक आणि 'आल्त्रुइस्ता' आहे असं सांगतात, म्हणजे त्याचा मोबदला घेत नाहीत.

'कारितातिवो'बद्दल माझं मत ठाम आहे. व्याकरणानं तो बरोबर आहे. पण 'कारिदाद' या शब्दाला चर्चच्या दाराशी वाढलेल्या भिक्षेची आठवण चिकटलेली आहे. देणारा वर, घेणारा खाली, अशी उतरंड त्यात नकळत उभी राहते. ताईंनी तो वापरला तर त्या आपल्याच मुलींना हात पसरलेल्यांच्या ओळीत बसवतील, आणि ज्यांनी भाजी निवडली त्या पाहुण्यांनाही ते आवडणार नाही. 'बेनेफिको' असा आणखी एक शब्द आहे. १८१२ च्या कादिसच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात स्पॅनिश नागरिकांनी न्यायी आणि 'बेनेफिको' असावं असं कर्तव्यच सांगितलं होतं, म्हणजे तेव्हा तो माणसाला लागत होता. आता तो कार्यक्रमांकडे गेला आहे: मदतनिधीसाठी ठेवलेली मैफल म्हणजे 'कोंसिएर्तो बेनेफिको'.

आजचा स्पॅनिश माणूस या जागी 'सोलिदारियो' म्हणतो. तुमच्या अडचणीत मी तुमच्या बाजूला उभा आहे, असा त्याचा सूर. स्पेनमध्ये प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना एका चौकोनात फुलीची खूण केली की कराचा ०.७ टक्के भाग सामाजिक कामांकडे जातो; त्या खुणेला स्वयंसेवी संस्थांनी 'एकिस सोलिदारिया' असं नाव दिलं आहे ('एकिस' म्हणजे 'एक्स' हे अक्षर). आपल्याकडे येणाऱ्या स्पॅनिश मदतीचा धागाही याच शब्दात गुंतलेला आहे. बार्सिलोनात १९२० साली जन्मलेले बिसेंते फेरेर १९५२ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य म्हणून भारतात आले आणि मनमाडच्या दुष्काळी भागात शेतकऱ्यांसोबत विहिरींच्या कामाला लागले. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, पण पुढच्याच वर्षी ते परतले आणि आंध्रात अनंतपूरला त्यांनी उभं केलेलं काम आजही स्पेनमधल्या असंख्य घरांतून येणाऱ्या छोट्या रकमांवर चालतं. १९९८ मध्ये त्यांना स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार सलोख्यासाठी मिळाला. नियमित रक्कम पाठवून एखाद्या मुलाचा भार उचलणाऱ्याला तिकडे 'पाद्रिनो' म्हणतात. ताईंचे पाहुणे उद्या एखाद्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यायला निघाले, तर हा शब्द त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.

वाढदिवसाच्या कार्डांसाठी 'देतायिस्ता'. हा मला फार आवडणारा शब्द आहे आणि पुण्यातले विद्यार्थी तो हमखास चुकवतात, कारण त्याचा अर्थ ते बारकावे पाहणारा असा लावतात. तोही अर्थ आहे. पण 'तेनेर उन देताये कोन आल्गिएन' म्हणजे कुणासाठी आठवणीनं काहीतरी छोटंसं करणं. तुम्हाला चहात आलं आवडतं हे लक्षात ठेवून पुढच्या वेळी ते घालणं. असं नेहमी करणारा माणूस देतायिस्ता. त्याच्या जवळचा 'आतेंतो', समोरच्याला काय हवं-नको ते पाहणारा, अगत्यशील. भाजी निवडू लागणाऱ्याला 'सेर्विसियाल' म्हणता येईल, मदतीला पुढे होणारा. फक्त घाईत 'सेर्विल' लिहू नका, त्याचा अर्थ लाळघोट्या होतो.

शब्दाबद्दल शंका आली की मी विद्यार्थ्यांना त्याचा विरुद्ध शब्द शोधायला लावते. हेनेरोसोच्या समोर 'ताकान्यो', कंजूष, उभा राहतो. आमाब्लेच्या समोर 'ग्रोसेरो', उर्मट. बोंदादोसोच्या समोर 'मालवादो', दुष्ट. आता विचारा की हे जोडपं काय नव्हतं हे तुम्हाला सांगायचं आहे: कंजूष, उर्मट की दुष्ट? शब्द आपोआप हाती येतो.

हिंजवडीत बसून मेक्सिको किंवा कोलंबियाच्या क्लायंटशी बोलणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कोलंबियात, विशेषतः मेदेयिनकडे, कुणी काही चांगलं केलं की 'के केरिदा!' म्हणतात, शब्दशः 'लाडकी', पण अर्थ 'किती गोड माणूस आहे'. त्यात प्रेमप्रकरण शोधू नका. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनातही छान, मोकळ्या माणसासाठी 'बुएना ओंदा' चालतं. अर्जेंटिनात उपकार केला की ती 'गाउचादा', तिथल्या पंपा या गवताळ मैदानातल्या 'गाउचो' गुराख्यांच्या नावावरून. मेक्सिकोत कंजूष माणसाला 'कोदो', म्हणजे कोपर, म्हणतात. स्पेनमध्ये बोलताना 'माहो' सतत ऐकू येईल, गोड स्वभावाचा. हे सगळे तोंडी बोलण्याचे शब्द आहेत, संस्थेच्या पत्रातले नव्हेत.

आता पत्र. आपल्याकडच्या मानपत्रांत 'दानशूर, उदारहृदयी, सहृदय' अशी विशेषणं एकामागून एक येतात आणि कानाला ती गोडही वाटतात. स्पॅनिश आभारपत्रात तसं केलं की मजकूर छापील वाटतो. शक्यतो प्रत्येक विशेषण एका प्रत्यक्ष गोष्टीला बांधा. मी असं लिहीन:

'केरिदोस आमिगोस: लेस आग्रादेसेमोस दे कोरासोन सु आयुदा, तान हेनेरोसा कोमो देसिंतेरेसादा, पारा एल देपोसितो दे आग्वा. लास निन्यास रेकुएर्दान लो कारिन्योसोस के फुएरोन कोन एयास, इ कादा तार्हेता दे कुम्प्लेआन्योस नोस देमुएस्त्रा लो देतायिस्तास के सोन.'

म्हणजे: 'प्रिय मित्रांनो, पाण्याच्या टाकीसाठी तुम्ही जितक्या मोठ्या मनानं तितक्याच निरपेक्षपणे केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार. तुम्ही किती माया लावलीत हे मुली आठवतात, आणि वाढदिवसाचं प्रत्येक कार्ड पाहून तुम्ही किती आठवणीनं सगळं करता ते आम्हाला कळतं.'

यात 'लो कारिन्योसोस के फुएरोन' ही रचना नीट पाहा. 'लो' बदलत नाही, पण विशेषण माणसांप्रमाणे बदलतं: दोघं आहेत, त्यात एक पुरुष आहे, म्हणून 'कारिन्योसोस'. दोघी बहिणी असत्या तर 'कारिन्योसास' झालं असतं. 'देतायिस्ता' स्त्री-पुरुष दोघांना तसाच राहतो, अनेकवचनात फक्त शेवटी 'स' येतो. 'फुएरोन' हे त्या आठवड्याबद्दल आहे, 'सोन' हे त्यांच्या स्वभावाबद्दल. 'आग्रादेसेर'नंतर ज्याचे आभार ती गोष्ट थेट येते, मध्ये 'पोर' घालायचा नाही. 'पोर' हवा असेल तर 'ग्रासियास पोर' म्हणा.

'लेस' हे 'उस्तेदेस'च्या आदराचं रूप आहे. पत्र संस्थेच्या नावानं जाणार असल्यानं ते ठीक आहे. पण ते दोघं तुमच्याशी एकेरीत लिहीत असतील, आणि स्पेनमधली माणसं तशी लवकर मोकळी होतात, तर 'लेस'च्या जागी 'ओस', 'सु'च्या जागी 'वुएस्त्रा', 'फुएरोन'च्या जागी 'फुइस्तेइस' आणि 'सोन'च्या जागी 'सोइस' करा. दोन्हींची सरमिसळ मात्र होऊ देऊ नका. रोमन लिपीतलं स्पेलिंग १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात तपासून घ्या. तो इंटरनेटवर मोफत आहे. 'हेनेरोसो'ची सुरुवात तिथे 'जी' या अक्षरानं सापडेल, उच्चार 'ह' असला तरी. आणि त्या दोघांशी फोनवर बोलायची वेळ आली तर 'आग्रादेसेमोस' त्यांच्या तोंडून 'आग्रादेथेमोस' असं ऐकू येण्याची शक्यता जास्त आहे. तुम्ही 'स' म्हणालात तरी त्यांना नीट समजतं.